बुडत्या बेटावरचं इंग्रजी

मा. संपादक,
स. न.

परदेशात मुलांकडे राहायला आलेले आईवडील घरात कसे मुके होऊन बसतात, याबद्दल आपल्या पुरवणीत वाचलं. मी त्यांच्यातलीच. वय ६६, मूळची सांगलीची, चार वर्षांपासून ग्रीन कार्डावर न्यू जर्सीत एडिसनला मुलाकडे. पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण मुलाखत इंग्रजीत. पन्नाशीच्या पुढच्यांना इंग्रजीची माफी आहे, मात्र ग्रीन कार्ड मिळून २० वर्षं झालेली हवीत. पंचावन्नच्या पुढे असाल तर १५. म्हणजे माझ्यासाठी असून नसल्यासारखीच.

म्हणून क्लास लावला. वर्षभर गाळलेल्या जागा भरल्या. भविष्यकाळाच्या 'विल'च्या धड्यात मला दहापैकी नऊ. आणि दुकानात काउंटरवरच्या मुलीनं काही विचारलं की मी सुनेच्या तोंडाकडे बघायची.

गेल्या हिवाळ्यात लायब्ररीतल्या इंग्रजी संभाषणाच्या गटात जाऊ लागले. तिथल्या बाईंनी वह्या बाजूला ठेवायला लावल्या आणि 'फॉरबिडन आयलंड' मांडला. २०१० साली आलेला हा टेबलावर मांडायचा खेळ. २४ फरशांचं बेट असतं, ते हळूहळू पाण्याखाली जातं. दोघा ते चौघांनी मिळून चार खजिने शोधायचे आणि हेलिकॉप्टरनं निसटायचं. जिंकले तर सगळे, बुडाले तर सगळे. आपल्या मेंढीकोटात भिडूशी बोलायला बंदी. इथं बोलल्याशिवाय गाडंच हलत नाही.

खेळात माझ्या वाट्याला इंजिनिअरचं काम आलं (मुलगा झाला, म्हटलं आता आपणही होऊ). माझ्या हातात तीन लाल पत्ते, खजिन्यासाठी लागणारा चौथा समोरच्या चिनी आजोबांकडे. पत्ता द्यायचा तर दोघं एकाच फरशीवर हवेत. आजोबा निघाले भलतीकडेच, पाणी चढलेल्या फरशीवर. मी जवळजवळ ओरडलेच, "नो, नो! इट विल सिंक! कम हिअर, गिव्ह मी रेड!" आजोबा दचकले, मग मान डोलावून म्हणाले, "ओके, आय कम." तो 'विल' तोंडातून कधी गेला, ते मला रात्री भांडी लावताना कळलं. पुढं हेलिकॉप्टरची फरशीच बुडाली आणि आम्ही चौघं हरलो, ते सोडा.

या खेळांत एक खोट आहे. ज्याचं इंग्रजी बरं, तो पाटीलकी करू लागतो. आमच्यातले एक गृहस्थ सगळ्यांच्या सोंगट्या स्वतःच सरकवायचे आणि बाकीचे बघत बसायचे. बाईंनी मग दंडकच घातला: दुसऱ्याच्या सोंगटीला हात लावायचा नाही, पत्ते उघडे ठेवायचे नाहीत, काय हवं ते तोंडानं मागायचं आणि शेवटचा निर्णय ज्याची पाळी त्याचा. त्या दिवसापासून सगळ्यात अबोल असलेली डॉमिनिकन बाईसुद्धा प्रश्न विचारू लागली.

हा खेळ तयार करणारे मॅट लीकॉक यांचाच 'पँडेमिक' हा २००८चा खेळ जास्त गाजलेला. जगाच्या नकाशावरच्या ४८ शहरांत रोगांना आवर घालायचा. शहरांत मुंबईही आहे, त्यामुळे मला तो प्यारा. पण नवशिक्यांना देऊ नये, नियम समजावण्यातच तास जातो.

इथल्या महाराष्ट्र मंडळांना विनंती, की गणपती-दिवाळीसोबत आठवड्याला दोन तास असा एखादा डावही मांडा. पण तो लायब्ररीत, इतर देशांच्या लोकांबरोबर. मंडळातल्या तीन मैत्रिणींना घरी बोलावून मी खेळून पाहिलंय. दुसऱ्याच मिनिटाला "अगं, तो लाल पत्ता दे की इकडं" सुरू झालं. टेबलावर मराठी न येणारा एक तरी माणूस हवाच.

– एक आजी, एडिसन, न्यू जर्सी
(कृपया नाव छापू नये.)