शिवीचीही नोंद व्हावी: परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री डॉ. एस. जयशंकर यांना,

सादर नमस्कार.

जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी भारतीय दिवस आमच्या इंदुरात झाला, तेव्हा आपण आला होतात. ‘पधारो म्हारे घर’ म्हणत इंदूरकरांनी पाहुणे आपापल्या घरी उतरवले. आमच्याकडे परदेशातून आलेलं एक मराठी जोडपं होतं. सकाळी पोहे-जिलबी चालू असताना मुलाचा फोन आला, तसे काका उठून गॅलरीत गेले आणि मराठीत, पण जवळजवळ कुजबुजत बोलू लागले. मी म्हटलं, अहो, इथेच बसा की, मोकळेपणी बोला. ते म्हणाले, "ताई, सवय लागली आहे. तिकडे चारचौघांत आपली भाषा मोठ्यानं बोलत नाही." मला तेव्हा ते नीट उमगलं नव्हतं.

उमगलं ते सप्टेंबर २०२५ मध्ये, डब्लिनच्या ट्राममध्ये.

पाच वर्षांच्या नातीला घेऊन लेकीच्या घरी परतत होते. ट्राम कालव्याच्या कडेनं चालली होती आणि नात खिडकीला नाक लावून हंस मोजत होती, एक हंस, दोन हंस. मागच्या बाकावरच्या तीन पोरांनी तिच्या आवाजाची नक्कल सुरू केली. मग माझ्या रंगावर, अंगाच्या वासावर, आणि "आपल्या देशात चालती हो". चिप्सचं रिकामं पाकीट माझ्या पदरावर येऊन पडलं. नात सातवर थांबली. समोरची एक आयरिश बाई उठली, आमच्या शेजारी येऊन बसली, पोरांकडे बघितलंही नाही, आणि नातीला विचारलं, किती हंस झाले? दोन थांब्यांनी पोरं उतरली. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. शिवीगाळ होताना एकट्या माणसाला असं कुणी शेजारी येऊन बसणं केवढं बळ देतं, ते मी अनुभवलं.

घरी जावई म्हणाले, "आई, सोडून द्या. वर्क परमिटचं नूतनीकरण चालू आहे, पोलिसांचं झंझट नको." कुठेच नोंद झाली नाही. ट्रामचा नंबर, वेळ, थांबा, काहीच मी टिपलं नव्हतं. पोलीस आधी हेच विचारतात आणि कॅमेऱ्यातलं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, हे इंदुरात परतल्यावर भाच्यानं सांगितलं. काही गुन्हे द्वेषातून घडल्याचं सिद्ध झालं तर शिक्षा वाढवणारा कायदा आयर्लंडमध्ये ३१ डिसेंबर २०२४ पासून लागू आहे, आणि तिथले पोलीस, म्हणजे गार्डा, अशी तक्रार ऑनलाइनही घेतात, हेही त्यानंच शोधून काढलं.

१ ऑगस्ट २०२५ ला डब्लिनच्या आपल्या दूतावासानं भारतीयांसाठी सूचना काढली. काळजी घ्या, अवेळी निर्जन जागी जाऊ नका, आणि सोबत संपर्काचा नंबर. ती वेळेवर निघाली, त्याबद्दल आभारच. पण मी भर दुपारी, भरल्या ट्राममध्ये होते. घडून गेल्यावर काय करायचं, ते मला हवं होतं.

२०२३ मध्ये परदेशात हल्ला किंवा हत्या झालेल्या भारतीयांचा आकडा ८६ असल्याचं आपल्या मंत्रालयानं संसदेत सांगितलं होतं. लाखो भारतीय परदेशात राहत असताना एवढाच आकडा? रक्त सांडल्याशिवाय आमची मोजणीच होत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. पाच-सहा वर्षांची मुलंही आता आवाज उतरवायला शिकताहेत, ते कुठल्या तक्त्यात येतं?

आपली मुलंही काही वेगळी नाहीत. मी इथे अठ्ठावीस वर्षं शिकवलं. मणिपूरच्या एका मुलीला वर्गातली पोरं ‘चिनी’ म्हणायची. मी "गप्प बसा" म्हणाले आणि फळ्याकडे वळले. हजेरीपटाच्या मागे दोन ओळी तरी लिहायला हव्या होत्या. त्याची टोचणी मला आज जास्त आहे.

साहेब, मागणी मोठी नाही. प्रत्येक दूतावासानं शिवीगाळीचीही नोंद घ्यावी, आणि तो आकडा देशवार दरवर्षी संसदेपुढे ठेवावा. नोंद करणाऱ्याला दूतावासातून एक फोन परत यावा, आणि पोलीस ठाण्यात जायचं असेल तर सोबत कुणी मिळावं. तक्रारीचा परमिटवर परिणाम होतो का, याचं उत्तर त्या-त्या सरकारकडून लेखी घेऊन जाहीर करावं. माझ्या जावयासारखी हजारो माणसं त्या एका भीतीपायी गप्प आहेत. आणि पासपोर्टसोबत एक पानभर कागद मराठीत, हिंदीत, गुजरातीत द्यावा: काय टिपायचं, कुणाला सांगायचं, किती दिवसांत.

एप्रिलमध्ये मी पुन्हा डब्लिनला जाणार आहे. लेक सांगते, ट्राममध्ये नात आता कानात बोलते. त्याआधी तो कागद हाती आला, तर पर्समध्ये घालून नेईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, इंदूर