उशीखालचा मोबाइल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा एसटीच्या खिडकीतून हात केलास, पण बोलली नाहीस. चूक माझीच. झोपलेल्या माणसाच्या उशीखालून मोबाइल काढून देवघरात ठेवायचा नसतो. तुझा गजर चुकला, साहेबांचे सात फोन चुकले, वर मी म्हटलं, "सात काय नि सतरा काय!"

मोबाइलच्या लहरी डोक्याला बाधतात का, त्या विषयावर आता लिहिणार नाही. फक्त एवढंच, की तेहेतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, तेव्हा इतकं तरी कळतं. रेंज कमी असली की मोबाइल टॉवर गाठायला जास्त जोर लावतो. आपल्या घरात मुळात एक दांडी. आणि तू नेमकी माजघरात, कानाला लावून, तासभर! पडवीत ये म्हणत होतो ते वाऱ्यासाठी नव्हे. घाटात गाडी असताना तर बोलूच नकोस.

लागलो पुन्हा. राग मानू नकोस.

स्टार हॅश शून्य सात हॅश दाबून, शरीर मोबाइलच्या लहरी किती शोषतं, तो आकडा तू दाखवलास. किलोमागे १.६ वॉटची सरकारी मर्यादा आहे, २०१२ पासून, आणि तुझा फोन तिच्या आत आहे. मान्य. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशी फोडत नाहीत, तेही मान्य. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना 'कदाचित कर्करोग होत असेल'च्या यादीत घातलं, हे मी सांगितलं, तर त्याच यादीत खारवलेल्या भाज्याही आहेत म्हणून तू माझ्या लोणच्याच्या बरणीकडे बोट दाखवलंस. हसलो मीही.

तुझी आई १९९४ साली गेली. तालुक्यात तेव्हा मोबाइल कुणी पाहिलाही नव्हता. हे मला कळतं गं. पण ती उजव्या कानामागे दोन बोटं दाबून बसायची, आणि तुझा मोबाइल त्याच कानाला असतो.

मी खांबावर चढलो की तू खाली उभी राहून रडायचीस, "बाबा, उतरा." मी काही उतरत नसे. काम असायचं.

तुझंही कामच आहे. त्या रात्री तू परदेशातल्या लोकांशी बोलत होतीस, मला शब्द कळत नव्हता, पण आवाज असा ठाम, की शेजारच्या अण्णांना ऐकू जावं म्हणून मी दार उघडंच ठेवलं.

स्पीकरवर बोल म्हटलं, तर सासूबाई शेजारी असतात म्हणालीस. बरोबर आहे. म्हणून भाजणीच्या पिशवीत वायरचे इअरफोन घातलेत. मोबाइल डोक्यापासून हातभर लांब राहिला तरी पुष्कळ फरक पडतो. जरा झटकून घे, पीठ लागलं असेल.

रविवारी फोन कर. मी विहिरीपाशी थांबतो, तिथे तीन दांड्या येतात. वायर सापडली नाही तर कानाला लावून बोल, पण कर.

तुझा,
बाबा

ता. क. रात्री मोबाइल टेबलावर ठेव. गजर तिथूनही ऐकू येतो.