पुलाच्या दोन्ही टोकांचे नियम एका तक्त्यात आणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्र जाहीर आहे, तरी त्यात तुमचे नाव घातलेले नाही. ते तुम्हाला आवडले नसते. कोपनहेगनपासून लुंडपर्यंत आमच्या संशोधन नेटवर्कमध्ये ज्याने ज्याने तुमच्याकडून आलेला कराराचा मसुदा उघडला आहे, त्याला नावाची गरजही पडणार नाही.

मेडिकॉन व्हॅली, म्हणजे पूर्व डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडन मिळून झालेला औषध-संशोधनाचा पट्टा. तिच्यावर बोलताना पडद्यावर हमखास या दोन देशांना जोडणारा ओरेसुंडचा पूल येतो. पूल १ जुलै २००० रोजी खुला झाला. विद्यापीठे, औषध कंपन्या आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांना जोडणारी मेडिकॉन व्हॅली अकॅडमी मात्र १९९७ मध्येच उभी राहिली होती. म्हणजे आधी माणसे जोडली गेली आणि रूळ नंतर आले. आज गाडीने पाऊण तासाच्या आत पलीकडे जाता येते. दोन्ही देश युरोपीय संघात आहेत, भाषा एकमेकींच्या जवळच्या आहेत आणि दोन्हीकडे आरोग्यसेवा करांच्या पैशांवर चालते. त्यामुळे नवीन आलेल्याला वाटते की नियमही सारखेच असणार. तुमचा आग्रह नेमका उलटा असे: जे सारखे दिसते ते आधी तपासा. आम्ही आभार मानतो आहोत ते मुख्यतः या आग्रहाचे.

पहिला तक्ता मालकीचा. डेन्मार्कमध्ये १ जानेवारी २००० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, सरकारी संशोधन संस्थेतल्या कर्मचाऱ्याने पेटंटजोगा शोध लावला तर त्यावर संस्था हक्क सांगू शकते. संशोधकाने लेखी कळवायचे आणि संस्थेने दोन महिन्यांत निर्णय द्यायचा. स्वीडनमध्ये १९४९ च्या कायद्यातली शिक्षकांची सवलत अजून शाबूत आहे. तिथे विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा शोध त्या प्राध्यापकाचा. आता एकाच प्रकल्पात दोन्हीकडचे संशोधक असले आणि करारावर फक्त दोन्ही विद्यापीठांच्या सह्या असल्या, तर स्वीडिश विद्यापीठ कंपनीला जे देऊ करते आहे ते मुळात त्याच्या हातात नाहीच. हे उघड होते ते परवान्याची बोलणी सुरू झाल्यावर, कंपनीच्या वकिलाने हक्क कोणाकडून कोणाकडे आले याची साखळी मागितली की. तोवर एखादा संशोधक दुसऱ्या खंडात नोकरीला गेलेला असतो.

म्हणून तुम्ही संस्थांची यादी बाजूला ठेवून माणसांची यादी केलीत. नाव, नोकरी देणारी संस्था, नोकरीची टक्केवारी, प्रत्यक्ष काम कुठे, कोणता कायदा, सही कोणाची. खरी गुंतागुंत वैद्यकीय प्राध्यापकांची, कारण अर्धी नोकरी विद्यापीठाची आणि अर्धी प्रादेशिक रुग्णालयाची. शिक्षकांची सवलत रुग्णालयाच्या नोकरीला लागू नाही, त्यामुळे एकाच माणसाच्या दोन नोकऱ्यांना दोन नियम. त्याखालोखाल पदव्युत्तर विद्यार्थी. ते कर्मचारी नसतात, म्हणून डॅनिश कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रयोगशाळेत हात मात्र त्यांचेच चालतात. अशा प्रत्येकाकडून काम सुरू होण्याआधी स्वतंत्र हस्तांतरणपत्र घ्यायचे, हा तुमचा नियम सुरुवातीला जाचक वाटे. आता नव्या भागीदाराला आम्हीच तो सांगतो.

त्याच कराराला जोडलेले एक परिशिष्ट बहुतेक लोक कोरे सोडतात: कोण काय घेऊन आले आहे त्याची यादी. प्रतिपिंड, पेशींच्या वाणांचे साठे, संगणक प्रणाली, जुने नमुने. ते कोरे राहिले तर दोन वर्षांनी प्रत्येक गोष्ट प्रकल्पातून निघाली की आधीची होती यावर वाद होतो. तुम्ही कोऱ्या परिशिष्टावर सही होऊ दिली नाहीत. तसेच प्रकाशनाचे. युरोपीय पेटंटमध्ये स्वतःच्याच आधीच्या प्रकाशनासाठी अमेरिकेसारखी वर्षभराची सूट मिळत नाही. परिषदेतले भित्तिपत्रकसुद्धा नावीन्य घालवते. कंपन्या मजकूर पाहायला साधारण ३० दिवस मागतात, डॅनिश संस्थेचे दोन महिने वेगळे. परिषदेच्या तारखेपासून उलटे मोजत सारांश कधी दाखवायचा, शोध कधी कळवायचा हे तुम्ही आखून दिलेत, म्हणून ऐनवेळी कोणाला भित्तिपत्रक गुंडाळून परत यावे लागले नाही.

दुसरा तक्ता माहितीचा, आणि आमच्या मते तुमचे सर्वात बारीक काम इथेच आहे. दोन्ही देशांत प्रत्येक नोंदणीकृत रहिवाशाला क्रमांक असतो, स्वीडनमध्ये १९४७ पासून आणि डेन्मार्कमध्ये १९६८ पासून. दोन्हीची ओळखीची रूपे दहा अंकी. डॅनिश क्रमांक दिवस, महिना, वर्ष असा सुरू होतो, स्वीडिश वर्ष, महिना, दिवस असा. ०१०२०३ हे सहा अंक एकीकडे तीन सालातली १ फेब्रुवारी, तर दुसरीकडे एक सालातली ३ फेब्रुवारी. स्तंभाच्या मथळ्यात फक्त ‘क्रमांक’ लिहिले असेल तर संगणक तक्रार करत नाही, रुग्णाचे वय गुपचूप बदलते. एक्सेल सुरुवातीचे शून्य खाऊन टाकते ते निराळेच. महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत जन्मलेले सगळे डॅनिश रुग्ण नऊ अंकी होतात.

पडताळणीतही पाणी मुरते. २००७ पासून डेन्मार्कमध्ये जुनी अकराच्या भागाकाराची कसोटी न पाळणारे क्रमांकही दिले जातात. जुनी कसोटी वापरणारा प्रोग्राम खऱ्या माणसांना खोटे ठरवून वगळतो, आणि वगळले जातात ते ठरावीक जन्मतारखांचे लोक, म्हणजे नमुना एका बाजूला झुकतो. स्वीडनमध्ये तात्पुरत्या समन्वय क्रमांकात दिवसामध्ये साठ मिळवतात. ३ तारीख ६३ होते. ती चूक समजून दुरुस्त केली की स्थलांतरित रुग्ण चुकीच्या नोंदीला जोडला जातो. शंभरी ओलांडलेल्यांच्या दहा अंकी क्रमांकात मधल्या वजा चिन्हाच्या जागी अधिक येते. हे सगळे तुम्ही एका पानावर लिहून काढलेत. शेवटी मोठ्या अक्षरांत: राष्ट्रीय क्रमांक पाणी ओलांडणार नाही. पडताळणी उगमाच्या रुग्णालयातच करायची, पुढे जाणार फक्त नेटवर्कचा सांकेतिक क्रमांक, आणि तो क्रमांक कोणाचा हे सांगणारी किल्ली रुग्णालयातच राहणार. सांकेतिक केलेली माहितीसुद्धा मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमावलीत सहसा वैयक्तिक माहितीच ठरते, हे कंपन्यांच्या प्रतिनिधींना तुम्ही किती वेळा समजावलेत देव जाणे.

यातली एक अडचण किल्लीनेही सुटत नाही. कोपनहेगन सोडून माल्मोला राहायला गेलेल्या माणसाकडे दोन्ही क्रमांक असतात आणि संयुक्त संचात तो दोन माणसे होऊन बसतो. नंतर शोधून काढायला कायदेशीर वाट जवळपास नाही. म्हणून संमतीपत्रासोबतच्या प्रश्नावलीत ‘पलीकडच्या देशात उपचार घेतले आहेत का’ हा प्रश्न तुम्ही घातलात. एक ओळ, पण योग्य जागी.

मधुमेहाच्या जुन्या नोंदींबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण या भागातले बरेच संशोधन त्याच आजारावर चालते. आज दोन्ही देश एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी) मिलिमोल प्रति मोल या एककात देतात. साधारण २०१० पर्यंत दोन्हीकडे टक्के होते, पण टक्के वेगवेगळे. स्वीडनची मोनो-एस पद्धत डेन्मार्कच्या आकड्यापेक्षा सुमारे एक अंकाने कमी दाखवे. आजचे ५२ मिलिमोल प्रति मोल म्हणजे तेव्हाच्या डॅनिश कागदावर सुमारे ६.९ टक्के आणि स्वीडिश कागदावर सुमारे ६.० टक्के. चिन्ह तेच, स्तंभ तोच. दोन्ही संच तसेच एकत्र केले तर स्वीडिश रुग्णांची साखर अधिक आटोक्यात असल्याचा निष्कर्ष छापून मोकळे व्हावे! म्हणून मूळ आकडा, मूळ पद्धत आणि बदललेला आकडा असे तीन स्तंभ ठेवायचे, मूळ कधीच पुसायचा नाही, हा तुमचा दंडक.

नैतिक परवानगीच्या बाबतीतही सारखेपणा फसवा आहे. फक्त नोंदवह्यांवर आधारलेल्या संशोधनाला डेन्मार्कमध्ये नैतिक समितीकडे जावे लागत नाही. स्वीडनमध्ये आरोग्यविषयक वैयक्तिक माहिती हाताळायची तर मंजुरी लागतेच. डॅनिश गट तयार बसतो आणि स्वीडिश गटाचे घोडे अडते. त्यामुळे स्वीडिश अर्ज आधी, बाकी सगळे त्याच्या मागून.

नमुन्यांसाठी तुम्ही घड्याळातल्या तीन वेळा लिहायला लावल्यात: रक्त काढल्याची, सेंट्रिफ्यूज केल्याची, गोठवल्याची. त्या नसतील तर दोन रुग्णालयांतला फरक आजाराचा की तासभर टेबलावर पडलेल्या नळीचा, हे सांगता येत नाही. नळीचा प्रकारही लिहायचा, कारण काही नळ्यांतले रक्त गोठू न देणारे हेपॅरिन पीसीआर चाचणीत अडथळा आणते. पाठवणीसाठी यूएन ३३७३ ची (जैविक नमुन्यांच्या वाहतुकीसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक) तिहेरी बांधणी: गळती न होणारी आतली नळी, सगळा द्रव शोषेल इतके शोषक, दुसरे बंद भांडे, बाहेर कडक खोका. शुष्क बर्फ दुसऱ्या भांड्याच्या बाहेर ठेवायचा, कारण उणे ७८.५ अंशांवर त्याचा थेट वायू होतो आणि बंद भांडे फुटू शकते. खोक्यालाही वायू निघायला वाट हवी. बर्फ उडून गेल्यावर आतले भांडे खुळखुळू नये म्हणून आधार द्यायचा, हे लोक हमखास विसरतात. खोक्यावर शुष्क बर्फाचा क्रमांक यूएन १८४५ आणि बर्फाचे किलोतले वजन. स्वीडनच्या जुन्या जैवबँक कायद्यात परदेशी गेलेले नमुने सांकेतिक असावे आणि काम संपल्यावर परत यावे किंवा नष्ट व्हावे अशी अट होती. १ जुलै २०२३ पासून नवा कायदा आला, पण जुन्या करारांखाली गेलेले नमुने अजून शीतपेट्यांत आहेत. कोणती पेटी कोणत्या अटीखाली, ही यादी तुमच्याकडे होती म्हणून कोणी गडबडले नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. इंटररेगचा, म्हणजे युरोपीय संघाच्या सीमापार सहकार्य कार्यक्रमाचा, निधी खर्च झाल्यावर हिशेब तपासून मिळतो. विद्यापीठाला ते झेपते, सहा माणसांच्या कंपनीचा श्वास अडकतो. छोट्या कंपन्यांचे काम शक्यतो पहिल्या अहवाल कालावधीत घालून त्यांची परतफेड लवकर सुरू करायची, ही युक्ती तुमची. आणि माल्मोत राहून कोपनहेगनच्या संस्थेत काम करणाऱ्याने एकूण कामाच्या २५ टक्के किंवा अधिक काम घरून केले, तर डॅनिश संस्थेला सामाजिक विम्याचा हप्ता स्वीडनमध्ये भरावा लागू शकतो, हे नेमणूकपत्राआधी विचारणाऱ्याही तुम्हीच.

सरकार नावाची एकच व्यक्ती बैठकीला येत नाही, हेही आम्ही तुमच्याकडून शिकलो. रुग्णालये प्रदेशांकडे, नियमन राष्ट्रीय संस्थांकडे, जमीन आणि इमारती नगरपालिकांकडे. डेन्मार्कमध्ये राजधानीचा प्रदेश आणि झीलंड हे १ जानेवारी २०२७ पासून एक होणार आहेत. त्यानंतरही चालणाऱ्या प्रत्येक करारात उत्तराधिकारी संस्थेचे कलम घालून घेतल्याबद्दल कायदा गटाने खास आभार कळवले आहेत.

तक्त्यांची जबाबदारी आता तीन गटांत वाटली आहे: मालकीचा विद्यापीठांकडे, माहितीचा रुग्णालयांकडे, पाठवणीचा कंपन्यांकडे. दर सहा महिन्यांनी तपासणी, बदलाची तारीख आणि बदलणाऱ्याचे नाव शेवटच्या स्तंभात, तुम्ही घालून दिल्याप्रमाणे. पहिली तपासणी झाली की प्रत तुमच्याकडे येईल. लाल पेन तयार ठेवा.

आपले कृतज्ञ,
नेटवर्कमधील विद्यापीठ, रुग्णालय आणि उद्योग गटांतले सहकारी