बाबा, दारातून बघू नका

ती. आई-बाबा, सा. न.

काल व्हिडिओ कॉल झाल्यावर मीनल म्हणाली बाबा बहुतेक नाराज झाले. झालातच ना? पाच मिनिटं तुम्ही "सोन्या इकडे बघ, आजोबा बघ" करत होतात आणि हा पठ्ठ्या शेजारच्या दिव्याकडे टक लावून बसला होता. अहो त्याचा राग धरू नका, नऊ दिवसांचा आहे तो, त्याच्यासाठी तुम्ही म्हणजे मोबाईलवरचा एक हलणारा ठिपका होतात.

हे मी मनाचं सांगत नाहीये. आम्ही राहतो त्याच ऑस्लोच्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी 2014 मध्ये यावर काम केलंय, स्वाइन माग्नुसेन वगैरे. गंमत म्हणजे त्यांनी बाळांना काही विचारलंच नाही (विचारणार तरी काय!). दोन-तीन दिवसांच्या बाळाला किती अंधुक दिसतं याची माहिती आधीपासून होतीच, मग त्यांनी माणसांच्या चेहऱ्यावरचे हावभाव बदलताना व्हिडिओ घेतले, ते तेवढेच ब्लर केले आणि मोठ्या माणसांना दाखवून विचारलं की सांगा बघू हा हसतोय की चिडलाय. 30 सेंटिमीटरवरून चारातले तीन वेळा बरोबर आलं. 60 वर नेलं तर नुसता अंदाजपंचे कारभार. 30 सेंटिमीटर म्हणजे बाबा, तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमधली ती पिवळी लाकडी फूटपट्टी, बास तेवढंच. पाजताना आईचा चेहरा साधारण असतो तेवढ्यावरच.

आणि यात मुद्दा हलण्याचा आहे, स्थिर फोटो ब्लर केला तर काही कळत नाही पण तेच तोंड हलायला लागलं की ओळखू येतं. तुम्हाला मोतीबिंदू होता तेव्हा नाही का, गल्लीच्या टोकाला कोण उभंय ते कळायचं नाही पण चालायला लागला की "अरे हा तर जोशी" म्हणायचात. सेम तसंच.

आता आई तुझ्याकडे येतो. तिसऱ्या रात्री याला दूध ओढता येईना, मीनल रडत होती आणि मी शेजारी सुतकी चेहरा करून बसलो होतो, तेव्हा तू फोनवर ओरडलीस की बाळासमोर तोंड पाडून बसू नका, त्याला सगळं कळतं. मी तेव्हा काही बोललो नाही पण डोक्यात राहिलं. तर तू अर्धी जिंकलीस. 1982 मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड नावाच्या बाईंनी जेमतेम दीड दिवसाच्या बाळांसमोर आनंदी, दुःखी आणि चकित असे चेहरे केले, एकच चेहरा सारखा बघून बाळं कंटाळायची आणि चेहरा बदलला की परत बघायची, म्हणजे फरक दिसत होता. नक्कलही करतात असं त्या म्हणाल्या होत्या, पण त्यावर अजून भांडणं चालूयत, 2016 मध्ये ऑस्ट्रेलियात 106 बाळं तपासली तर नक्कल काही सापडली नाही. आणि फरक दिसला म्हणजे आपण दुःखी आहोत हे कळलं असं नाही ना. पण खरं सांगू, त्या रात्रीनंतर मी त्याला घेतलं की चेहरा जरा सैल सोडतो. उगाच रिस्क कशाला.

तू मीनलला कान बांधायला लावतेस त्यावरून आठवलं, फ्रान्समधे 1995 ला चार दिवसांच्या बाळांवर प्रयोग झाला, बाळं परक्या बाईपेक्षा आपल्या आईकडे जास्त वेळ बघायची, पण दोघींनाही डोक्याला स्कार्फ बांधल्यावर फरकच करेनात. कारण त्यांची ओळख केसांच्या आणि कपाळाच्या कडेवर असते. मीनलने हे वाचून स्कार्फ लगेच सोडून टाकला, आता तू आणि ती बघून घ्या. (आवाज आणि वास आहेच की ओळखायला.)

झोपेत मात्र तो मस्त हसतो, तू म्हणतेस सटवाई हसवते, इथली नर्स म्हणते नुसता रिफ्लेक्स. समोरच्याला बघून हसणं सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास येतं आणि तुम्ही याल तेव्हा तो बरोब्बर सहा आठवड्यांचा असेल! तोपर्यंत त्याला थोडं लांबचंही दिसायला लागेल, पण बाबा, तुमची ती सवय मला माहितीये, हात मागे बांधून दारात उभं राहायचं आणि "दिसला दिसला, झोपू दे" म्हणून पेपर उघडायचा. ताईच्या मुलीच्या वेळी तेच केलंत. या वेळी खुर्ची ओढून बसा, मांडीवर घ्या, फूटपट्टी लक्षात ठेवा, आणि प्लीज पासपोर्टवरचा चेहरा नको, जरा भुवया वगैरे हलवा.

आणि मिशीला कलप लावूनच या. काळ्या-पांढऱ्यासारख्या ठळक फरकाकडे त्याची नजर पटकन जाते, म्हणून तर तो दिवा.

डिंकाचे लाडू चेक-इन बॅगेतच टाका.

तुमचा,
बंड्या