क्वांटम अल्गोरिदम यंत्राने शोधला म्हणजे नेमके काय शोधले?

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्ता आता क्वांटम संगणकाचे अल्गोरिदमही (गणना करण्याच्या रीती) स्वतःच शोधते, अशा आशयाच्या बातम्या मराठी वाचकांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत. बेळगाव-खानापूर भागातील अनेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत अभियांत्रिकीला जातात. अशा बातमीत शोध नेमका कशाचा आहे, हे त्यांनी तपासून घ्यावे, म्हणून हे पत्र.

पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याची आणि लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये क्रम नसलेल्या नोंदींत शोध घेण्याची क्वांटम रीत मांडली, तीही निव्वळ गणिताच्या बळावर. त्या तोडीची नवी रीत मशीन लर्निंगने अद्याप दिलेली नाही. गुगलची डीपमाइंड आणि क्वांटम संगणक बनवणारी क्वांटिन्युअम या कंपन्यांतील संशोधकांच्या ‘अल्फाटेन्सर-क्वांटम’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने २०२४ मध्ये जे केले, ते वेगळ्या जातीचे काम आहे: आधीच ठरलेले गणित तेच ठेवून सर्किटातील, म्हणजे गेट नावाच्या छोट्या क्रियांच्या मांडणीतील, ‘टी’ प्रकारच्या गेटांची संख्या कमी करणे. चुका दुरुस्त करत चालणाऱ्या क्वांटम संगणकात टी गेट हा इतर बहुतेक गेटांपेक्षा कितीतरी महाग पडतो, त्यामुळे ही बचत मोलाची आहे. साचा कोणी घडवला आणि ओतीव काम घासून कोणी हलके केले, हा फरक उद्यमबागेतील फौंड्री कामगाराला समजावून सांगावा लागत नाही. अर्थात रेषा इतकी स्वच्छही नाही. सांत क्षेत्रांतील (मर्यादित संख्यांच्या अंकगणितातील) गुणाकाराची सर्किटे आटवताना याच प्रणालीला गणितज्ञ कारात्सुबा यांच्या, कमी गुणाकारांत काम भागवणाऱ्या १९६० च्या पद्धतीशी जुळणारी रीत सापडली, आणि ती कोणी शिकवलेली नव्हती.

यंत्राकडून रीत घडवून घेण्याची दुसरी वाट म्हणजे सर्किटातील गेटांचे कोन (बदलता येणारे आकडे) थोडे थोडे बदलत उत्तर सुधारण्याची. २०१४ पासून तिच्यावर पुष्कळ काम झाले, परंतु सर्किट यादृच्छिकपणे रचले तर क्यूबिट (क्वांटम संगणकातील माहितीची एकके) वाढतील तसा सुधारणेची दिशा दाखवणारा उतारच जवळपास नाहीसा होतो, हे २०१८ मध्ये दाखवले गेले. बातम्यांत या अडचणीचा उल्लेख क्वचितच असतो.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे संगणनविषयक केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे. तेथील यंत्र आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती कधी येईल ते येवो. यंत्राने सुचवलेले लहान सर्किट मूळ सर्किटाइतकेच काम करते का, हे पाहायला मात्र क्वांटम संगणक लागत नाही. १० क्यूबिटांसाठी १०२४ ओळी आणि तितकेच स्तंभ असलेली मॅट्रिक्स पुरते, व ती साध्या लॅपटॉपवर मावते. ३० क्यूबिटांची नुसती अवस्था साठवायलाच सुमारे १६ जीबी स्मृती लागते आणि पुढे प्रत्येक क्यूबिटागणिक ती दुप्पट होते, म्हणून मर्यादा आहे. पण शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला १० क्यूबिट भरपूर झाले. त्यासाठी लागणाऱ्या मॅट्रिक्स आणि संमिश्र संख्यांवर येथील महाविद्यालयांच्या गणित विभागांनी सुटीच्या दिवशी मराठीतून चार व्याख्याने ठेवावीत, ही विनंती.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)