मला पिल्लं न विकणाऱ्या मावशींना

मावशी,

हे वाचायचं काम नातवाला लावा. लसीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं त्यानं घडाघडा वाचली होती, हे काही त्याला जड जाणार नाही.

मी ती कळंब्याची. आखाड लागायच्या तोंडावर लक्ष्मीपुरीच्या बाजारात तुमच्या कोंबड्यांच्या डालग्यापुढं उभी राहून म्हणाले होते, "वीस पिल्लं द्या, कडकनाथची असली तर बरं." कडेवर सात महिन्यांचं बाळ होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता त्याच्याकडं बघितलंत.

"रांगतंय न्हवं?"

"हो, परवापासून."

"मग पिल्लं न्हाई मिळायची. आणि काळी कोंबडी कशाला पायजे गं, फोटो काढायला?"

खरं सांगते, राग आला होता. पैसे हातात घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं म्हणजे काय! घरी येऊन नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "आता कोंबडीवाल्यांचे पण नखरे सोसायचे." पण तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी कोंबडा तोलत तोलत जे बोलला होतात, ते रात्री आठवायला लागलं. पिल्लांना तीन-चार आठवडे बल्बची ऊब लागते, पहिल्या आठवड्यात तर पस्तीस अंशांच्या आसपास. आपल्याकडच्या पावसात ते बाहेर जमणार कसं? म्हणजे खोकं सैपाकघरात येणार. "पिल्लं तिथंच हागणार आणि तुझं पोर तिथनंच रांगणार. त्याचा हात मग कुठं जातोय, तुला म्हाईत हाय." हात कुठं जातो ते मला माहीत होतं. तेव्हा तो चपलेचा पट्टासुद्धा चोखायचा.

बाळाच्या डॉक्टरांना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं, फक्त जंतूचं नाव घेऊन. साल्मोनेला. कोंबडी दिसायला ठणठणीत असली तरी तिच्या विष्ठेत तो असू शकतो, आणि पाच वर्षांखालच्या पोरांनी पिल्लं हाताळूच नयेत. तुम्ही हे नाव कधी ऐकलं असेल असं वाटत नाही. पण नेम एकच.

तुमचं दुसरं वाक्य तर मी सगळ्यांना सांगत सुटले. "आखाडात भाव चढलेला असतोय. श्रावणात कोंबडीला कोण इचारत न्हाई, तवा ये. तलंगा देतो, अंड्यावर यायला झालेल्या. तंवर खुराडं बांध." धंदा करणारं माणूस स्वतःच्या तोंडानं असं सांगतं होय?

खुराडं बांधलं. पाच बाय चार, जमिनीपासून दोन फूट वर. तुम्ही दोन फूट म्हणालात तेव्हा मी म्हटलं होतं, आमच्याकडं पुराचं पाणी येत नाही. तुम्ही चिखलीच्या. 2019 ला पाण्यात किती कोंबड्या गेल्या ते तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत आणि मग म्हणालात, "पाणी न्हाई आलं तरी वल येतीच की." ते जुलैत कळलं. रिकाम्या खुराड्याखालची जमीन महिनाभर सुकली नाही.

श्रावणात पाच तलंगा दिल्यात, चार-चार महिन्यांच्या. तीन गावरान, दोन गिरिराज. डालगंही तुमचंच, "आण परत कवातरी" म्हणून. कोंबडा मागितला तर परत नाही म्हणालात. अंड्याला कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांना, आणि पहाटे चारला आरवून बाळ उठवलं तर तुलाच शिव्या देशील, म्हणालात. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. कोंबड्याशिवाय आलेलं अंडं त्यांना जरा संशयास्पदच वाटतं.

त्या दिवशी रागावलात त्याचेही आभार. मी जाळी साधी घेतली होती, ती पातळ षटकोनी. तुम्ही वेल्डची अर्ध्या इंचाची सांगितली होती, पण ती महाग पडत होती म्हणून फक्त पुढच्या बाजूला लावली. पंधराव्या रात्री मागून मुंगूस आलं. सकाळी एक गिरिराज गेलेली आणि बाकीच्या एकमेकींवर चढून कोपऱ्यात. तुम्हाला फोन केला तर तुम्ही आधी "बाकीच्या पाणी पित्यात का?" विचारलंत, गुळाचं पाणी ठेवायला सांगितलंत, आणि मग जे काय बोललात ते इथं लिहीत नाही. मागची जाळी त्याच दिवशी बदलली.

मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या, लसीचं तर मला सुचलंच नसतं. बाटली शंभर कोंबड्यांची, एकदा पाणी मिसळलं की दोन-तीन तासांत संपवायची. माझ्या चार कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? तुमच्या कोंबड्यांना टोचायच्या दिवशी "तुझ्या पण घेऊन ये" म्हणून निरोप धाडलात. रिक्षात मांडीवर डालगं घेऊन चिखलीला आले, रिक्षावाला वाटभर रश्श्याच्या गोष्टी करत होता.

तुमचे बाकीचे नियम अजून चालू आहेत. खुराड्याची चप्पल वेगळी, ती उंबऱ्याच्या आत येत नाही. आधी बाहेरच्या नळाला साबणानं हात, मग बाळ. खुराड्यात अंथरलेलं तूस ओलं झालं की त्याच दिवशी काढायचं, नाहीतर वास सुटतो आणि रक्ती हगवण लागते. नवऱ्यानं दोनदा चप्पल विसरली. दोन्ही वेळा फरशी त्यानंच पुसली.

पहिलं अंडं ललितापंचमीला आलं. सासूबाई कोहळ्याचा सोहळा बघायला टेंबलाईला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर अंडं. आणि आमच्याकडं नवरात्रात अंडं शिजत नाही! "धुऊ नको, न धुता ठेवलं की टिकतंय," हे तुमचं सांगणं तेव्हा कामाला आलं. दसऱ्यापर्यंत सात अंडी कागदाच्या ट्रेमध्ये गार जागी बसून होती. दसरा झाल्यावर त्यातलं एक कडक उकडून बाळाला कुस्करून दिलं. अर्धं खाल्लं, अर्धं केसांना लावलं.

आता तो चालतो. जाळीच्या अलीकडं उभा राहून "को को" करतो, हात मागं धरायला शिकवलंय. पण मुद्द्याचं पुढंच आहे. लाल गावरान गेले पाच दिवस खुडूक बसलीय. खाली एकही अंडं नाही, तरी उठत नाही, हात नेला की फुगते. तुमच्याकडची कोंबडा लागलेली दहा-बारा अंडी तिच्याखाली ठेवली तर एकवीस दिवसांत पिल्लं निघतील, आणि ऊब तीच देईल, बल्ब नको. पिल्लं बाहेरच राहतील, घरात येणार नाहीत. बाळ सव्वा वर्षाचं आहे, हे माहीत आहे मला.

डालगं द्यायला या रविवारी बाजारात येतेय. अंडी देणार का, की अजून थांबायचं?

तुमची,
कळंब्याची पोरगी