उंदराला समिती, सालदाराला काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचा लेख वाचला. लेखकमहाशयांनी फार कळवळून लिहिलं आहे. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्या आपल्याकडे 2014 मध्ये बंद झाल्या, ते बरंच झालं. लाली-पावडरीपायी सशाचे डोळे जाळायचं काही कारण नव्हतं. पण कीटकनाशकांपाशी येऊन 'या उंदरांच्या मरणाचा हिशोब कोण देणार' असं ते विचारतात. तो हिशोब आमच्या वावरात पडलेला आहे, येऊन बघावा.

फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा. किती डोसला निम्मी जनावरं मरतात, त्यावरून तो रंग ठरतो. तोंडावाटे, वजनाच्या किलोमागे 50 मिलिग्रॅमच्या आतच निम्मे उंदीर मेले, तर लाल. एवढे जीव घेऊन काढलेली ही माहिती, आणि फवारणाऱ्याला तिचा अर्थ कोणी सांगत नाही.

मागच्या वर्षी पोळ्यानंतरची गोष्ट. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याला लागली होती. कृषी केंद्रवाल्याने तीन डबे काढून दिले, म्हणाला, एकत्र करा, एकाच फेऱ्यात काम होते. मीही केले. चूक माझीही आहे, नाही म्हणत नाही. दुपारी सालदार धुऱ्यावर बसला. "भाऊ, डोयापुढं अंधारी येऊन रायली." ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, कोणतं औषध मारलं? मी म्हटलं, अळीचं. त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून विसरलो नाही. मोटारसायकलने परत वावरात गेलो, डबे हुडकले. एका डब्याचं माहितीपत्रक ओलं होऊन डब्यालाच चिकटलेलं, अक्षरं मुंगीएवढी. विषबाधा झाल्यास ॲट्रोपिन द्यावं, हे त्यातच छापलेलं होतं. या येण्याजाण्यात पाऊण तास गेला. माणूस वाचला. पंपाला मात्र तो अजून हात लावत नाही, आणि मी सांगतही नाही.

तिकडे उंदराला मोजून-मापून डोस देतात. तीन औषधं एकत्र कालवून, भर उन्हात, गळका पंप पाठीवर देऊन काय होते, ही चाचणी आम्ही माणसांवर करतो. उंदराच्या चाचणीआधी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी लागते, संस्थेची नैतिकता समिती बसते, पिंजरा केवढा असावा तेही ठरलेलं. आमच्या चाचणीला काउंटरवरचा एक शब्द पुरतो, तोही पक्क्या बिलाशिवाय.

2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. तेव्हा हातमोजे वाटपाचे फोटो तुमच्याही पेपरात झळकले होते. ते हातमोजे आमच्या गावात अजून पोचायचे आहेत.

लेखकमहाशयांना विनंती, पुढच्या वेळी त्या चार रंगांचा अर्थ अर्ध्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. मी ते पान कृषी केंद्राच्या दारावर डकवतो.

ता. क. : पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एसटीने येते. गेल्या महिन्यात दोनदा आलीच नाही. पैसे मात्र पूर्ण घेतले.

— एक कापूस उत्पादक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ